दक्षिण बस्तरला जाण्याआधी कोणतं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपूरहून मुक्त पत्रकारिता करता. छत्तीसगडच्या बिजापूर आणि सुकमा जिल्ह्यांत महिनाभर राहून तिथल्या आरोग्यसेवेवर लिहायचं आहे. तुमची मैत्रीण तिथल्या एका आरोग्य संस्थेत परिचारिका आहे आणि संस्थेच्या गाडीतून गावोगाव फिरता येईल असं तिचं म्हणणं. पत्रकार आणि मदतकार्यकर्त्यांसाठी परदेशात 'हीट' नावाचं चार-पाच दिवसांचं प्रशिक्षण असतं, त्याची फी लाखांत जाते. तेवढा खर्च करावा, की त्यापेक्षा कमी पैशात बुलेटप्रूफ जॅकेट घ्यावं?

मी बरीच वर्षं एका मदत संस्थेच्या फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या, मार्ग आणि संपर्कव्यवस्था सांभाळत होते. आता पत्रकारांना आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांना हेच शिकवते. म्हणून आधी थेट उत्तर देते. जॅकेट घेऊ नका. कोर्स शिष्यवृत्तीवर मिळाला तर जरूर करा. नाही मिळाला, तरी त्यातला जीव वाचवणारा भाग नागपुरात राहून, फार खर्च न करता शिकता येतो. पण तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत काळजीची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, ती म्हणजे संस्थेची गाडी. त्याबद्दल आधी बोलू.

मदत संस्था सुरक्षित राहते ती गावाने, पोलिसांनी आणि जंगलातल्या माओवाद्यांनी तिला मान्य केलेलं असतं म्हणून. ही माणसं औषध देतात, बाकी कशात पडत नाहीत, एवढा विश्वास बसायला वर्षं जातात. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'सारख्या संस्थांच्या गाड्यांवर बंदुकीवर काट मारलेलं चिन्ह असतं ते याचसाठी, कारण आत कोण बसलंय यावर गाडीकडे कोण कसं बघणार हे ठरतं. एप्रिल २०१४ मध्ये बस्तरमधल्या दरभा भागात माओवाद्यांनी एक १०८ रुग्णवाहिका स्फोटाने उडवली. तिच्यात सीआरपीएफचे जवान बसले होते. जवानांबरोबर रुग्णवाहिकेचे कर्मचारीही गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये दंतेवाड्यात अरनपूरजवळ दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू मारले गेले, तेव्हा त्यांचं पथक पोलिसांसोबत दुचाक्यांवरून चाललं होतं. दोन्ही ठिकाणी मरणाऱ्यांचं काय काम आहे हे कुणी विचारलं नाही. ते कुणाबरोबर आहेत, एवढंच पाहिलं गेलं.

आता तुम्ही त्या आरोग्य संस्थेच्या गाडीतून गावात उतरलात, दुपारी लोकांशी बोललात, आणि पुढच्या आठवड्यात सुरक्षा दलाच्या कॅम्पमधल्या जवानांवर किंवा एखाद्या सरपंचावर तुमची बातमी आली. तुम्ही नागपूरला परत आलेले असाल. तुमची मैत्रीण त्याच गाडीतून त्याच गावात जाणार आहे. म्हणून संस्थेच्या प्रमुखांना लेखी विचारा: पत्रकाराला गाडीत घ्यायचं तुमचं धोरण काय? ते 'नाही' म्हणाले तर ती चांगली, जबाबदार संस्था आहे असं समजा आणि स्वतःची वेगळी गाडी करा. 'हो' म्हणाले तर ते नीट विचार करून म्हणताहेत का, हे तपासा. फक्त मैत्रिणीच्या शब्दावर बसू नका, त्यात तिची नोकरी आणि जीव दोन्ही पणाला लागतात.

आता धोका नेमका कशाचा, ते पाहू. तुमचा मार्ग, महिना आणि मुक्काम मला माहीत नाही, त्यावर बरंच अवलंबून आहे. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन गावं तुटतात, तेव्हाचं नियोजन उन्हाळ्यातल्यापेक्षा वेगळं. तरी क्रम साधारण असा धरा: रस्ता, मलेरिया, साप, मग स्फोटकं, आणि त्यानंतर माणसांकडून ठरवून होणारा हल्ला. नवख्या माणसाच्या डोक्यात हा क्रम नेमका उलटा असतो.

रस्त्याबद्दल फार सांगत नाही, कारण ते सगळ्यांना कळतं आणि कुणी पाळत नाही. मागच्या सीटवरही पट्टा. दुचाकीवर मागे बसलात तरी हेल्मेट. अंधार पडल्यावर प्रवास बंद. तापाचंही तसंच: दक्षिण बस्तर आणि आपलं गडचिरोली, दोन्हीकडे फाल्सिपेरम मलेरिया आहे, तो मेंदूत गेला तर माणूस लवकर जातो. ताप आला की त्याच दिवशी तपासणी, 'उद्या बघू' नाही. औषधयुक्त मच्छरदाणी बरोबर न्या आणि झोपा खाटेवर. मच्छरदाणी गादीखाली खोचली की डासांबरोबर मण्यार हा विषारी सापही बाहेर राहतो. तो रात्री जमिनीवर झोपलेल्यालाच जास्त चावतो आणि दंश पुष्कळदा दुखतही नाही.

स्फोटकांबद्दल सविस्तर सांगते, कारण सध्या 'आता बस्तर शांत झालंय' असं फार ऐकू येतं. मे २०२५ मध्ये माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, हे खरं आहे. पण त्याच वर्षी ६ जानेवारीला बिजापुरात डीआरजीची, म्हणजे छत्तीसगड पोलिसांच्या माओवादविरोधी दलाची गाडी स्फोटात उडाली, आठ जवान आणि चालक गेले. आणि जंगलातल्या पायवाटांवर पुरलेले प्रेशर बॉम्ब, ज्यांवर पाय पडला की फुटतात, ते पुरणारा शरण आला तरी जमिनीत तसेच राहतात. तेंदूपत्ता, मोहफुलं वेचायला गेलेली माणसं त्यांवर पाय पडून मेली आहेत. म्हणून रोज वापरात असलेली वाट सोडायची नाही. फोटोसाठी बाजूच्या झाडीत शिरायचं नाही, लघवीलाही नाही. गावकरी अचानक एखाद्या वाटेने जायचे थांबले असतील तर कारण कळेपर्यंत तुम्हीही थांबा. वायर, नुकती उकरलेली माती किंवा विचित्र डबा दिसला तर हात न लावता, आलात त्याच पावलांवर पाय ठेवत मागे फिरा. आणि कुठे स्फोट झाला तर चित्रीकरणासाठी लगेच तिकडे पळू नका. मदतीला येणाऱ्यांसाठी दुसरा स्फोट ठेवलेला असू शकतो.

जॅकेट का नको, हेही यातूनच कळेल. एके-४७ ची गोळी अडवायची तर आत कडक प्लेट असलेलं जॅकेट लागतं, त्याचं वजन दहा किलोच्या आसपास जातं. नुसतं मऊ जॅकेट पिस्तुलाच्या गोळीपुरतं असतं. युक्रेनच्या आघाडीवर प्लेटवालं जॅकेट लागतंच. बस्तरच्या पायवाटेवर त्याने खालून होणारा स्फोट अडत नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला तुम्ही सैनिक वाटता. हिरवा, खाकी, ठिपक्यांचा कपडाही नको. साधा फिकट सदरा घाला.

आता प्रशिक्षणाकडे येते. हीट म्हणजे धोक्याच्या वातावरणाची ओळख करून देणारं प्रशिक्षण. नव्वदच्या दशकात, बाल्कनमधल्या युद्धांत पत्रकार मरू लागले तेव्हा ब्रिटनमधल्या माजी सैनिकांनी त्याला आकार दिला. त्यात प्रथमोपचार, नाकाबंदीवर कसं वागायचं, स्फोटकं, गोळीबारात आडोसा, अपहरणाचं नाटक असं बरंच काही असतं. डोक्यावर पोतं घालून नेण्याच्या त्या नाटकाची चर्चा जास्त होते. माझ्या मते तो सगळ्यांत कमी उपयोगाचा भाग आहे, आणि जुना आघात असलेल्या माणसाला तो नुकसान करू शकतो. कोर्स निवडताना विचारा: प्रथमोपचाराचा सराव किती तास आहे? नाटक मधेच थांबवायचा शब्द ठरलेला असतो का? शिकवणाऱ्यांत पत्रकार किंवा मदतकार्यकर्ती आहे की सगळे माजी सैनिकच? लैंगिक छळ आणि हल्ला यावर वेगळं सत्र आहे का? चौथ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर तो कोर्स सोडून द्या.

दोन गोष्टी मात्र प्रत्यक्ष शिकल्याशिवाय जाऊ नका. पहिली, रक्तस्राव थांबवणं. २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिसराता शहरात छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन मांडीच्या वरच्या भागातली रक्तवाहिनी फुटून गेले. त्यांचे सहकारी सेबॅस्टियन युंगर यांनी त्यानंतर मुक्त पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी संस्था काढली. मोठी रक्तवाहिनी तुटली तर हातात मोजकी मिनिटं असतात, तेवढ्यात रुग्णवाहिका येत नाही. जे करायचं ते शेजारी असलेल्यानेच करायचं.

माझ्या वर्गात मी टूर्निकेट, म्हणजे दांडी पिळून रक्त थांबवणारा पट्टा, स्वतःच्याच मांडीवर बांधायला लावते, आधी उजेडात, मग दिवे घालवून, मग हाताला तेल चोळून. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळेच पट्टा ढिला सोडतात, कारण घट्ट बांधला की कळवळायला होतं. मग मी पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे बोटं ठेवून नाडी शोधायला सांगते. नाडी लागली म्हणजे रक्त अजून वाहतंय. दांडी आणखी फिरवायची, नाडी बंद होईपर्यंत. लोक इथे तोंड वाकडं करतात, आणि नेमकं तेच शिकायचं असतं, की बरोबर बांधलेला पट्टा दुखतो. जखमेच्या चार बोटं वर बांधायचा, सांध्यावर नाही, खिशात काही असेल तर काढून. वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर सैल करायचा नाही. जांघेत किंवा काखेत जखम असेल तर पट्टा बसत नाही, तिथे जखमेच्या आत खोलवर कापड कोंबून पूर्ण वजनाने दाबून धरायचं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे टूर्निकेट पुष्कळदा नकली असतात, पिळताना दांडी मोडते. खात्रीच्या वैद्यकीय विक्रेत्याकडून दोन घ्या, एक सरावाला, एक पिशवीत अगदी वर. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: साप चावल्यावर पट्टा बांधायचा नाही. तिथे अवयव न हलवता, पळू न देता, लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

नागपुरात सेंट जॉन अँब्युलन्स किंवा रेडक्रॉसच्या प्रथमोपचार वर्गाची चौकशी करा. तिथे पाया मिळेल. टूर्निकेट आणि जखमेत कापड कोंबण्याचा जास्तीचा सराव एखाद्या ट्रॉमा विभागात काम करणाऱ्या ओळखीच्या डॉक्टरकडून करून घ्या. संयुक्त राष्ट्रांचा 'बीसेफ' आणि रेडक्रॉस महासंघाचा 'स्टे सेफ' हे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत, ते दोन संध्याकाळी उरका. पूर्ण हीट कोर्ससाठी रोरी पेक ट्रस्ट ही ब्रिटनमधली संस्था मुक्त पत्रकारांना आर्थिक मदत देत आली आहे, सध्या देते का ते पाहून तिथे अर्ज करा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून आजच.

दुसरी गोष्ट म्हणजे ठरवण्याची सवय. त्यासाठी मैदान लागत नाही, टेबल पुरतं. मी वर्गात एक प्रसंग देते. संध्याकाळचे साडेपाच. बासागुडाहून बिजापूरला परतताय, टायर पंक्चर झाला, तो बदलण्यात वेळ गेला. चालक म्हणतो, मला एक जवळची कच्ची वाट माहीत आहे, अंधाराच्या आत पोचू. नेटवर्क नाही. सहाला घरी फोन करायचा ठरला होता. गाडीत दुभाषा आहे, तो गप्प आहे. काय करणार?

बहुतेक गट चालकाशी वाद घालत बसतात, कुणी गुगल नकाशा काढतं. दुभाषा गप्प का आहे, हे विचारणारे फार थोडे. त्याला ती वाट नकोशी आहे, पण मोठ्या गाडीतून आलेल्या पत्रकारापुढे तो बोलत नाही. म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर सांगून ठेवायचं: आपल्यापैकी कुणीही, चालक किंवा दुभाषासुद्धा, 'परत फिरू' म्हणाला तर फिरायचं, कारण नंतर विचारायचं, चिडायचं नाही, त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत. पैशांचं वाक्य मुद्दाम म्हणा. त्याशिवाय बाकीच्या वाक्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि पक्क्या रस्त्यावर जिथे थांबता येईल अशी मधली मुक्कामाची ठिकाणं आधीच ठरलेली असली की साडेपाचच्या त्या प्रश्नाचं उत्तर सकाळीच तयार असतं: शाळा, आश्रमशाळा, चर्च, ओळखीचं घर. सुरक्षा दलाचा कॅम्प शक्यतो नाही, का ते वर आलंच आहे.

याच्याच जोडीला एक पानाचा कागद करा. रोजचा मार्ग, गाडीचा नंबर, कुणाला भेटणार, दिवसातून दोनदा संपर्काच्या ठरलेल्या वेळा. घरी एक आणि संपादकाकडे एक, अशी दोन माणसं नेमा. वेळ चुकली तर किती मिनिटांनी चालकाला फोन, किती तासांनी मैत्रिणीला, किती तासांनी पोलीस अधीक्षकांना, हे त्यावर स्पष्ट हवं. 'काही झालं तर कळव' याला योजना म्हणत नाहीत. रक्तगट, ॲलर्जी आणि फक्त तुम्हालाच उत्तर माहीत असेल असा एक प्रश्न बंद पाकिटात द्या. कुणी तुम्हाला धरून ठेवलं तर तुम्ही जिवंत आहात हे त्यावरून तपासता येतं. शस्त्रक्रिया आणि रक्त कुठे मिळेल, हेही लिहा. या भागासाठी ते बहुधा जगदलपूरचं वैद्यकीय महाविद्यालय. तिथवर किती तास लागतात, ते स्थानिक रुग्णवाहिका चालकाला विचारा, नकाशाला नाही.

परदेशी कोर्समधली एक गोष्ट इथे चालणार नाही. तिथे सॅटेलाइट फोन न्या म्हणतात. भारतात परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा असा फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि बस्तरमध्ये तो सापडला तर खुलासा करताना नाकी नऊ येतील. मोबाइल दोन वेगळ्या कंपन्यांचे ठेवा. त्यांत जुन्या बातम्यांच्या मुलाखती, सूत्रांचे नंबर, कॅम्पचे फोटो ठेवू नका. नाक्यावर फोन उघडायला लावला तर तुमच्याबरोबर इतरही अडकतात. जंगलात कुणी अडवलं तर हात दिसतील असे ठेवा, सावकाश बोला, खोटी ओळख सांगू नका, कॅमेरा मागितला तर द्या.

विम्याबद्दल एवढंच, की पॉलिसीतली वगळण्याची यादी वाचा. युद्ध, दहशतवाद, नक्षली हिंसा वगळलेली असेल तर त्या पॉलिसीचा इथे उपयोग नाही.

आणि आता ज्यांचं नाव अशा प्रश्नांत क्वचितच येतं, त्यांच्याबद्दल. २०२४ मध्ये जगभर ३८३ मदतकार्यकर्ते मारले गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा आकडा आहे, आणि त्यांतले बहुतेक त्याच देशातले, स्थानिक होते. पत्रकारांचंही तसंच. बिजापूरचे मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ रोजी बेपत्ता झाले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह सेप्टिक टँकमध्ये सापडला. रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराची बातमी त्यांनी केली होती, आरोपींत कंत्राटदार आहे. आपल्या राजापुरात शशिकांत वारीशे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडलं गेलं, तेही स्थानिक बातमीनंतर. बाहेरून येणाऱ्याला महिन्याने परतायचं असतं. गावातल्याला तिथेच राहायचं असतं, आणि त्याचा राग धरणाऱ्याला त्याचं घर माहीत असतं.

म्हणून तुमचा गोंडी किंवा हलबी दुभाषा आणि चालक यांना सोबत्यासारखं धरा. प्रथमोपचाराच्या वर्गाची फी भरणार असाल तर त्यांचीही भरा, किंवा जगदलपूरला पोचल्यावर पहिला अर्धा दिवस तिघांनी मिळून टूर्निकेटचा सराव करा. तुम्हीच जखमी झालात तर पट्टा त्यांनाच बांधायचा आहे. हेल्मेट त्यांनाही, विमाही त्यांना. बातमीत नाव हवं का, हे त्यांना दोनदा विचारा, एकदा सुरुवातीला आणि एकदा मजकूर वाचून दाखवल्यावर. बातमी छापून आली की त्यांचा धोका वाढतो, कमी होत नाही. पहिले काही आठवडे त्यांना ठरलेल्या वेळी फोन करा, आणि त्यांनी फोन उचलला नाही तर कुणाला कळवायचं, हे त्या एक पानाच्या कागदावर तुमच्या नावाखाली त्यांच्या नावासह लिहून, त्यांची एक प्रत त्यांच्याच घरी ठेवा.